सामानाच्या दाराचा लाल दिवा

जळकोटच्या जगदेवीबाईंच्या नवऱ्याला थांबणं ठाऊकच नव्हतं. उदगीरला रेल्वेचं फाटक पडलं की चन्नबसप्पा एसटीतून उतरून चालू लागत. लग्नात वरात लांबली की अक्षतांच्या आधीच घराची वाट धरत. आणि दर वेळी मागून पिशव्या सावरत जगदेवीबाई. "ह्यांच्यामागं पळण्यात माझ्या किती चपला तुटल्या," असं त्या हसून सांगत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला बंगळुरूला दिलेल्या लेकीला, दीपमालाला, दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तदाब उतरेना. जावई आदिनाथनं घाईघाईनं दोघांची नांदेडहून विमानाची तिकिटं काढली. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसत होते.

पट्टे लावून झाले, पण विमान जागचं हलेना. पायाखाली धाडकन आवाज झाला, थोड्या वेळानं पुन्हा तसाच. मग सूचना आली. सामानाच्या कप्प्याचं दार लावलेलं असूनही पायलटसमोर ते उघडं असल्याचा लाल दिवा विझत नव्हता. तपासणी चालू होती, प्रवाशांनी बसून राहावं.

गार हवा मंदावली. कुणी हातातल्या कागदानं वारा घेऊ लागलं, मागं एक लेकरू रडायला लागलं. चन्नबसप्पा पट्टा काढत, लावत, पुन्हा काढत. जगदेवीबाईंच्या मुठीतला फोन घामानं ओला झाला होता. तेवढ्यात तो वाजला.

"मामी, तिला ऑपरेशनला आत न्यायलेत," आदिनाथ म्हणाला. "आई कुठवर आली म्हणून सारखी विचारायलीय."

चन्नबसप्पा ताडकन उठले. "चल, ऊठ. हे काय उडत न्हाई. जीप करू, हैदराबाद गाठू, तिथून बघू."

"त्यात उद्या उजाडंल की."

"आन् इथं बसून काय व्हायलंय?"

तपासणीसाठी पुढचं दार उघडलेलं होतं. हवाईसुंदरी आडवी आली. "काका, उतरलात तर परत चढता येणार नाही."

"नकोच चढायला!"

दाराशी जाऊन त्यांनी मागं पाहिलं. सवयीनं जगदेवीबाई अर्ध्या उठल्या होत्या. हात पुढच्या खुर्चीवर होता. मग त्या खाली बसल्या.

"मी न्हाई येत. तुमी जावा."

"एकली जाशील?"

"हाव."

सगळं विमान बघत होतं. चन्नबसप्पा क्षणभर घुटमळले आणि जिना उतरून गेले.

उदगीरच्या पलीकडं जगदेवीबाई कधी एकट्या गेल्या नव्हत्या. त्यात उतरलेल्याचं सामानही काढावंच लागतं, आणि दोन्ही बॅगा नवऱ्याच्याच नावावर. त्यांच्या साड्या, डिंकाचे लाडू, बाळासाठी धुवून ठेवलेली जुनी मऊ लुगडी, सगळं खाली उतरलं. "एकापायी सगळ्यांना उशीर," मागचा माणूस कुरकुरला. त्यांनी पदर पुढं ओढला. एकदा तर पट्टा सोडलासुद्धा, पण उठवेना.

पायाखाली पुन्हा धाडकन आवाज झाला. या वेळी सूचना वेगळी होती. दिवा विझला होता. विमान सरकू लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बंगळुरू येईपर्यंत त्यांच्या मनात एकीकडं लेक होती, दुसरीकडं उन्हात दोन बॅगा घेऊन उभा नवरा.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा मुलगी झालेली होती. दीपमाला शुद्धीवर येत होती. तिनं डोळे उघडले तर आई उशाशी.

चन्नबसप्पा दुसऱ्या दिवशी पोचले. दाढी वाढलेली, डोळे लाल. नातीला पाहिलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दोन्ही बॅगा जगदेवीबाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

"लाडू फुटले जरा."

"फुटू द्या."

"मला वाटलं, तू उतरशील. खालनं बघत होतो."

"मलाबी वाटलं होतं," जगदेवीबाई म्हणाल्या आणि बॅगेतून एक मऊ लुगडं काढून नातीसाठी घडी घालू लागल्या.