उजव्या कुशीवर
चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. पुरळ तीन आठवड्यांत वाळलं, खपल्या पडल्या, दुखणं मात्र राहिलं. काही जणांची नस त्यानंतरही कळा देत राहते, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा मी नुकताच कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतला होता. वय एकोणचाळीस. सकाळी सात ते दहा कॉलेज आणि त्यानंतर स्वारगेटजवळच्या एका विमा कार्यालयात सहापर्यंत नोकरी. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. नवरा खडकीला कारखान्यात कामाला लागला म्हणून पुण्यात आलो. वकील व्हायचं माझ्या मनात शाळेपासून होतं, ते आता कुठे जमत होतं.

कळ सहन व्हायची. कुर्त्याचा कपडा घासला की आग व्हायची, म्हणून मी आतून नवऱ्याचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन घालायला लागले. बसमध्ये डावी बाजू खिडकीकडे करून बसायचे. पण या सगळ्यानं जो थकवा यायचा, त्यावर उपाय सापडत नव्हता. दिवसभर कुणीतरी कानाशी बोलत राहावं आणि आपण ऐकायचं नाही असं ठरवावं, तसं ते होतं. त्यात गोळ्यांची गुंगी. दुपारी एकच्या सुमारास माझ्या अंगातलं सगळं संपून जायचं.

एके दिवशी मी टेबलावरच झोपले. जाग आली तेव्हा आमच्या हेडक्लार्क बाई समोर उभ्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, सदाशिव पेठेत जन्म गेलेल्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या.

"तुम्ही टेबलावर झोपलात त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही फाइलवर झोपला आहात. ती अजून आठ वर्षं जपायची आहे."

मी ओशाळून फाइल पुसली आणि सगळं सांगून टाकलं. तोवर ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

"आधी का नाही बोललात?"

"दिसत नाही ना काही. पुरळ गेलं. आता दाखवणार काय?"

"मला काही दाखवायला नको. किती वेळ पडावं लागतं, तेवढं सांगा."

"अर्धा तास," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. आत कपाटांच्या मध्ये एक सतरंजी अंथरलेली होती आणि दाराला बाहेरून त्यांच्या अक्षरातला कागद होता: 'दुपारी एक ते दीड दार वाजवू नये. कारण विचारू नये.' कुणीही विचारलं नाही. मी उजव्या कुशीवर अर्धा तास पडायचे आणि डबा दीडनंतर कामाच्या जागीच खायचे. संध्याकाळपर्यंत माणसांत राहता येईल एवढी ताकद त्यातून मिळायची.

अभ्यासाचं कोडं घरी सुटलं. पुस्तक धरून बसलं की बरगडीला ओढ लागायची. एका रविवारी नवऱ्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू पडून राय. मी वाचतो, तू डोये मिटून आयक."

"अहो, इंग्रजी शब्द आहेत त्यात खूप."

"मंग? कारखान्यात काय मी संस्कृत वाचतो?"

तो वाचायचा आणि मोबाइलवर रेकॉर्डही करून ठेवायचा. कराराचा कायदा मी असा वऱ्हाडी हेलात शिकले. मध्येच थांबून तो म्हणायचा, "हे काही मले पटलं नाही," आणि मी त्याला समजावून सांगायचे. समजावता समजावता माझं पाठ व्हायचं.

तरी दोन विषय राहिले. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. मग ठरवलं की एका खेपेला जेवढं झेपेल तेवढेच पेपर द्यायचे. तीन वर्षांचं काम चार वर्षांत झालं तरी कोर्ट कुठे पळून जात नाही. हे ठरवल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की आधीच का सुचलं नाही याचं नवल वाटलं.

पुढच्या परीक्षेआधी मी डॉक्टरांचं पत्र जोडून कॉलेजात अर्ज दिला, कारण पंख्याचा वारासुद्धा मला बोचायचा. भिंतीकडेची, पंख्यापासून लांबची जागा मिळाली. अकराला पेपर सुरू झाला. दीड तासानंतर मी पेन ठेवून डोकं बाकावर टेकलं. पर्यवेक्षक जवळ आले.

"झाला पेपर?"

"नाही सर. दमले आहे."

"मग दमा. पाऊण वाजायला आला की उठवतो."

त्यांनी खरंच उठवलं. उरलेले दोन प्रश्न मी सावकाश लिहिले आणि पास झाले. राहिलेले विषयही त्यानंतर सुटले.

आता शेवटचं सत्र चालू आहे. दुखणं आहे, पण पूर्वीपेक्षा कमी, आणि ते कधी जोर करणार याचा अंदाज येतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं कात्रजच्या तळ्यावर जातो. माझी अर्धी फेरी होते, मग मी बाकावर बसते. नवरा पूर्ण फेरी मारून येतो, घाम पुसत शेजारी बसतो आणि विचारतो, "चहा इथंच घ्याचा का घरी?"

बहुतेक वेळा आम्ही तिथंच घेतो.