काकांना पट्टा पसंत पडेना

समोर पट्टा आला आणि वानखेडे काकांनी तो चिमटीत धरून पाहिला नाही, असं कधी झालं नाही. गिरणीत दळण न्यायचे, तर आधी गिरणीवाल्याला मशीन बंद करायला लावून तिचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचे. शिवणयंत्रालाही त्यांनी सोडलं नव्हतं. एका लग्नात तर नवरीच्या मामांशी गप्पा मारता मारता त्यांनी मामांच्या पँटीचाच पट्टा चिमटीत धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, हा दिवाळी पाहत नाही." मामा जे मागे सरकले, ते जेवायला थेट मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

काका नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. कोळसा वाहून नेणारे लांबच लांब रबरी पट्टे सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पट्टा फाटला की कापायचा, जोड मारायचा, पुन्हा चालू करायचा. "माणसाचं सांगता येत नाही वं, पण रबर मले सारं सांगते," असं ते मला ऐकवायचे. आमच्या लेआउटमधल्या घरांत त्यांची आणि माझी भिंत एकच होती, त्यामुळे ऐकण्यावाचून मला इलाजही नव्हता. आता काका नाहीत. भिंतीपलीकडे कुणी रबराबद्दल बोलत नाही आणि मला करमत नाही.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. कोराडीच्या राखेने ती बाराही महिने करडी दिसायची. एकदा भर रस्त्यात तिचा फॅन बेल्ट तुटला. सुमनकाकू नवी साडी नेसून शेजारी बसल्या होत्या. मागे कोळशाचे ट्रक भोंगे वाजवत उभे राहिले आणि काकूंना ढकलायला उतरावं लागलं. घरी आल्या त्या काळ्याठिक्कर होऊन. "आता या डब्यात मी पाय ठेवत नाही," त्यांनी जाहीर केलं आणि तेव्हापासून त्या बसने जाऊ लागल्या. काका त्याच वाटेने तात्पुरता बेल्ट लावलेली गाडी रिकामी चालवत.

मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेशाला, लेकीच्या नव्या घराची वास्तुशांती ठरली. काका माझ्याकडे धावत आले. व्याह्यांच्या दारात आपण गाडीतून उतरणार आणि बायको मागून बस स्टॉपवरून पिशवी घेऊन चालत येणार! "नाक राहते काय माझं?" ते मला म्हणाले. त्यांनी काकूंची विनवणी केली. काकू म्हणाल्या, "गाडीचे सगळे बेल्ट नवे टाका, मंग पाहू."

मेकॅनिक इस्माईलभाईंनी गाडी उघडून सांगितलं, की दोन बेल्ट बदलावे लागतील. एक बाहेरचा, म्हणजे फॅन बेल्ट. दुसरा आतला, टायमिंग बेल्ट. तो दातेरी असतो आणि इंजिनाचे वरचे-खालचे भाग एका तालात फिरवतो. चालत्या गाडीत तो तुटला, तर इंजिनाचाच चुराडा.

फॅन बेल्टची निवड म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. काकांनी दुकानदाराकडून पसंतीसाठी म्हणून तीन बेल्ट घरी आणले आणि अंगणातल्या दोरीवर काकूंच्या लुगड्याशेजारी टांगले. वास घेतला, वाकवले, कानाशी ताणले. मलाही बोलावलं. "याचा रंग पाहा वं. आणि तो तिकडचा? अंगानं बरा आहे, पण स्वभाव कडक आहे." मला तिन्ही सारखेच काळे दिसत होते. मधला मी उगाच पसंत केला. काकांनी शेवटचा घेतला.

टायमिंग बेल्टची कथा वेगळी झाली. इंजिनाचा नंबर दाखवून मापाचा बेल्ट आणा, असं इस्माईलभाईंनी बजावलं होतं. काकांनी मापापेक्षा चांगला वीतभर लांब आणला. जन्मभराची सवयच ती, पट्टा नेहमी जास्तीचा घ्यायचा. जोड मारण्याचं जुनं सामानही माळ्यावरून काढून ते गॅरेजमध्ये हजर झाले.

इस्माईलभाईंनी हातच जोडले. "काका, हा कोळशाचा पट्टा थोडी आहे? याले जोड नाही चालत. दात जितके पायजे तितकेच."

"अरे, मी मारलेला जोड कधी सुटला नाही!"

इस्माईलभाईंनी तो बेल्ट इंजिनाच्या चाकांवर चढवून दाखवला. नाडी नसलेल्या पायजम्यासारखा तो खाली आला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग तेच खो खो हसत सुटले.

पण त्यानंतर त्यांचा स्वतःच्या पारखीवरचा विश्वासच डळमळला. मापाचे बेल्ट आणायचे आणि परत करायचे. एक म्हणे दुकानात पडून म्हातारा झालेला. दुसऱ्याचा खोका असली, आतला माल नकली. तिसऱ्यात काहीच खोट सापडली नाही, म्हणून त्याच्यावर त्यांचा सर्वांत जास्त संशय. वास्तुशांती उद्यावर आली. काकू बसची वेळ विचारून आल्या. माझं डोकं फिरलं.

"काका, इतकी वर्षं त्या झिजलेल्या बेल्टवर रोज हिंडलात ना? तेव्हा कुठे गेली होती ही पारख?"

काकांना माझा प्रश्नच कळला नाही. "माझं काय वं?" ते म्हणाले. "मी तं एकटाच राहतो गाडीत. उद्या तुझी काकू बसून राहिली नं बाजूले."

मी तडक पलीकडे जाऊन काकूंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं. मग उठून अंगणात आल्या आणि काकांवर कडाडल्या, "अवो, मी म्हणते, कोणताही टाका! बसीन मी. आता अजून वास घेत बसले तं पाहा!"

संध्याकाळी इस्माईलभाईंनी तिसरा बेल्ट बसवला.

दुसऱ्या दिवशी आहेराचं सामान मांडीवर घेऊन मी मागे बसले. काका इतक्या हळू चालवत होते की सायकलवाले वळून बघायचे. काकू दाराची कडी घट्ट धरून बसल्या होत्या. शहर लागेपर्यंत कडी सुटली, धंतोलीच्या आसपास त्यांची मान कलली आणि त्या चक्क घोरू लागल्या. काकांनी आरशातून मला गप्प राहायची खूण केली. तिथून पुढे त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

लेकीच्या दारात गाडी थांबली, पण इंजिन काही बंद होईना. काका किल्लीला हात लावेनात. बंद केलं तर ती जागी होईल, एवढंच ते कुजबुजले. आतून भटजींच्या हाका सुरू झाल्या. ज्यांच्यासमोर दिमाखात उतरायचं होतं ते व्याही फेटा सावरत स्वतः फाटकाशी आले आणि "या, या, वानखेडेसाहेब!" म्हणून मोठ्याने स्वागत करू लागले.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! झोपून राहिली."

व्याह्यांनी वाजणारे जोडे काढून हातात घेतले आणि पावलांचा आवाज न करता मागे फिरले.