अंदाजेंचा आतला माणूस

अंदाजेंचा माणूस थेट कॉम्प्युटरची कार्डं बनवणाऱ्या कारखान्यात बसलाय, ही बातमी मला झेरॉक्सवालीनं दिली. तीही कुजबुजत, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून. म्हणजे मला सोडून अख्ख्या गल्लीला ती आधीच ठाऊक होती.

"माणूस कोण ते काही कळत नाही," ती म्हणाली. "पण अंदाजे जिन्याखाली जाऊन फोनवर हळूच बोलतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"काय बोलतात?"

"इश्श, मी कशाला ऐकायला जाऊ? 'हो, हो, आलं लक्षात', एवढंच आपलं कानावर पडलं. तेही चार वेळा."

अंदाजे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. तळघरातलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान म्हणजे रिकाम्या खोक्यांच्या भिंती, एक टेबल, धूळ उडवायचा ब्लोअर आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी एक डगमगतं स्टूल. पडद्यावर चित्रं उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड, ही अंदाजेंची खासियत. बाजारात असलेल्या कार्डाबद्दल कोणीही बोलेल. अंदाजे बोलायचे ते अजून न आलेल्या कार्डाबद्दल.

नवं कार्ड येणार अशी हूल उठली की दुकानातल्या पांढऱ्या फळ्यावर ज्यानं त्यानं आपला अंदाज लिहायचा, असा तिथला रिवाज. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल, त्यानं दुकानात आलेला सगळ्यात मळका डबा ब्लोअरनं साफ करायचा. एकदा एका बँकवाल्याच्या वाट्याला बेकरीतला कॉम्प्युटर आला. बिचारा घरी गेला तो पांढराफटक, बायकोनं दार लावून घेतलं म्हणतात.

अंदाजेंवर ती पाळी कधी आली नाही. एका वर्षी त्यांनी लिहिलं, "सेकंदाला चाळीस चित्रं दिसतात तिथे बावन्न दिसतील." पुढच्या खेपेला, "दहा मिनिटांचं काम पावणेआठात." त्यानंतर एकदा, "तेरा जुन्यांना दहा नवी भारी." प्रत्येक वेळी आसपास बसलं. थोडं कमी पडलंच, तर म्हणायचे, "कंपनीनं ऐन वेळी कच खाल्ली." वर जास्त झालं, तर नुसतेच हसायचे. लोकांना वाटायचं, याला हेही ठाऊक होतं.

मग त्यांची मेहुणी आली आणि पंचाईत झाली.

ती अजून न बांधलेल्या इमारतींची चलचित्रं करायची. दारातून आत नेऊन माणसाला सगळी इमारत फिरवून आणायची. एका आर्किटेक्टनं तिला दवाखान्याचं काम दिलं होतं. वेळेत झालं तर पुढच्या सगळ्या इमारती तिच्या. पण तिचं जुनं कार्ड दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं की गरम होऊन बसकण मारायचं. नवीन एकच परवडणार होतं. बाजारातलं आज घेतलं तर काम कसंबसं वेळेत बसत होतं. आणि तीन आठवड्यांनी येणारं कार्ड खरंच दुप्पट वेगाचं निघालं, तर उशिरा सुरू करूनही दवाखाना होऊन वर आणखी एक इमारत पदरात पडली असती. दुप्पट नसेल, तर दवाखानाही गेला.

"भावोजी, थांबू की घेऊ? तुम्ही म्हणाल तसं."

फळ्यावर सगळ्यांनी "दुप्पट" लिहून ठेवलं होतं. कुठूनसा फुटलेला त्या कार्डाचा एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, इतका धूसर की झेरॉक्सवाली म्हणाली, "हा टोस्टर आहे." अंदाजेंची जागा तेवढी कोरी होती. शेजारच्या चष्मेवाल्याकडून भिंग आणून ते दिवसभर त्या फोटोला चिकटून बसले. पंखा मोजला, वायरीची भोकं मोजली, पुन्हा पंखा मोजला.

शेवटी त्यांची बायको दुकानात उतरली. "अहो, रस्त्यावरच्या कोणालाही बोलावून बोलावून सांगता, आणि माझ्या बहिणीच्या वेळी दातखीळ बसली?"

"जोखमीचं आहे गं."

"मग इतके दिवस काय होतं?"

अंदाजेंनी भिंग खाली ठेवलं, घाम पुसला आणि मेहुणीला म्हणाले, "आजचं घे. नवं दुप्पट नाही व्हायचं. शंभराचे फार तर एकशे तीस होतील."

"अंदाजे थकले आता," फळ्याजवळून कोणीतरी म्हणालं. "आतला माणूस रिटायर झाला वाटतं!" मेहुणीनं मात्र कार्ड घेतलं आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली. त्यानंतर अंदाजेंनी कोणाच्याही चहाला हो म्हटलं नाही.

नवं कार्ड आलं. पहिल्या गिऱ्हाइकानं खोकं थेट दुकानातच फोडलं. चाचणी सुरू झाली आणि सगळे माना उंचावून उभे. जुन्याचे शंभर, तर याचे एकशे अठ्ठावीस. फळ्यावरचं सगळ्यांचंच "दुप्पट" चुकलं होतं, आता ब्लोअर कोणाकोणात वाटायचा हाच प्रश्न होता.

दवाखाना तोवर वेळेत पोचला होता. मेहुणी पुढच्या इमारतीचे नकाशे काखेत मारूनच आली. दुकानात आम्ही तिघंच होतो.

"भावोजी, आता तरी सांगा. आत कोण आहे तुमचं?"

अंदाजेंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सांगून टाकलं.

आत कोणी नव्हतं. जिन्याखालचा फोन बायकोचा असायचा, येताना काय आणायचं ते सांगायला. प्रत्येक नव्या कार्डाला अंदाजे तीस टक्केच वाढ सांगायचे, फक्त मांडणी बदलून. भिंगातून काहीच कळलं नाही, म्हणून मेहुणीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.