पेपरवेटखालची जागा

ट्रेसरबाईंना सगळे ट्रेसरबाईच म्हणत. कार्यालयात म्हणत, गल्लीत म्हणत, आणि घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवराही चिडला की म्हणायचा, "अहो ट्रेसरबाई, ऐकू येतंय का?" नगरपालिकेच्या नगररचना विभागात त्या चोविसाव्या वर्षी लागल्या आणि आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. एवढ्या वर्षांत काम एकच. साहेब लोक ठरवतील त्या रेघा शाईनं कागदावर उतरवायच्या आणि मग नकाशात रंग भरायचे. राहायची घरं असतील तिथे पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागा-मैदानांना हिरवा. ज्या जमिनीला जो रंग, तेच तिथे बांधायचं. शहर पुढे कुठे आणि कसं पसरणार, ते असं वाटीतल्या रंगात आधी ठरायचं.

रंग देण्यात एक मेख होती. मोठ्या भागाला रंग देताना मध्ये थांबून चालत नाही. पातळ रंग, फळा जरासा तिरपा, आणि ओली कडा हळूहळू खाली ओढत न्यायची. शिंक आली तरी गिळायची. थांबलं की कडा वाळते, रेघ उमटते, ती जन्मात जात नाही. "आणि मग लोक तिलाच हद्द समजून भांडतात," असं मोठे साहेब म्हणायचे. मोठे साहेब म्हणजे शहराचा पहिला आराखडा करणारे अधिकारी. त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

त्या आराखड्याची मुदत संपत आली होती. नवा करायला नवे साहेब आले, तिशीतले, चष्मेवाले, सगळं संगणकावर करणारे. पण कायद्यानं खरा नकाशा तो एकच, हातानं रंगवलेला. त्याच्या आजवर नुसत्या प्रती फिरल्या होत्या, त्याही काळ्यापांढऱ्या. मूळ कागद अठ्ठावीस वर्षं लोखंडी कपाटात पडून होता. एका सकाळी शिपायानं ती गुंडाळी खांद्यावर टाकून आणली. "बाई, तुमची पोर आणली बघा. चांगलीच जड झालीय," तो म्हणाला. मोठ्या टेबलावर ती उलगडली तेव्हा बाईंना आपल्याच हातचा रंग ओळखू आला. पिवळा जरा फिकटला होता, एवढंच.

नवे साहेब वाकून बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, हा पांढरा गोल कसला?"

शहराच्या पूर्वेला, सगळ्या पिवळ्याच्या मधोमध, एक गोल कोरा राहिला होता. नीट गोल, जसा चंद्र.

"आता कळलं!" साहेब टेबलावर हात मारून म्हणाले. "वीटभट्टीची जुनी जागा. नगरपालिकेच्याच मालकीची. तिथे घरं बांधायचे तीन प्रस्ताव आले आणि तिन्ही परत गेले. फायलीत शेरा काय, तर 'वापर नमूद नाही'. कारण पांढऱ्या रंगाला नियमांत कलमच नाही! घराला परवानगी नाही, दुकानाला नाही, कशालाच नाही. काय डोकं असेल हो मोठ्या साहेबांचं! हिरवा दिला असता तर कुणीतरी पुढे बदलून घेतला असता. त्यांनी रंगच दिला नाही. बदलणार काय, कप्पाळ?"

"मोठे साहेब म्हणजे मोठेच," शिपाई म्हणाला.

चहाच्या वेळी खोली रिकामी झाली तशा बाई आपल्या टेबलाशी गेल्या. तिथे त्यांचं काचेचं पेपरवेट होतं, आत हिरवा बुडबुडा असलेलं, नोकरीच्या पहिल्या महिन्यापासूनचं. त्यांनी ते उचललं आणि नकाशावरच्या पांढऱ्यावर ठेवलं.

कडेला कड बसली. केसाचंही अंतर राहिलं नाही.

बाईंच्या पाचावर धारण बसली. सगळं आठवलं. आराखडा सहीला जायच्या आदल्या दिवशीची दुपार. पंख्यानं कागद फडफडत होता म्हणून मध्यावर पेपरवेट ठेवलेलं. पिवळा ओढता ओढता ब्रश तिथवर आला, थांबता येईना, म्हणून कडेनं फिरवून घेतला, मागाहून भरू म्हणून. रंग वाळायच्या आत निरोप आला की तीन वर्षांच्या लेकीला ताप चढलाय, अंगावर पुरळ दिसतंय. बाई तशाच धावल्या. गोवर निघाला. आठ दिवसांनी परत आल्या तर पेपरवेट टेबलावर आणि नकाशा सह्या होऊन कपाटात.

म्हणजे ना मोठे साहेब, ना त्यांचं डोकं. आपला विसराळूपणा.

संध्याकाळी त्या घरी जायच्या बसमध्ये न चढता पूर्वेच्या बसमध्ये चढल्या. हे शहर त्यांना पक्ष्यासारखं वरून पाठ होतं. प्रत्येक गल्लीचा कोन सांगता आला असता. पण जमिनीवरून म्हणाल तर घर ते कार्यालय आणि कार्यालय ते घर. पूर्वेला त्या कधी गेल्याच नव्हत्या.

उतरल्या आणि समोरच्या गल्लीनं चालायला लागल्या. गल्ली वळत होती. जरा पुढे गेल्या, अजून वळत होती. एका हाताला घरं, तीही तिरकी उभी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, जसं रिंगण धरून कुणी बसावं. कुठेही कोपरा नाही. दुसऱ्या हाताला मोकळी जागा. बाई मधेच थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं की आपण ब्रशच्या वाटेवरून चाललोय. त्या दुपारी मनगट जसं फिरलं होतं, तशीच्या तशी ही गल्ली फिरली होती. पिवळं जिथे संपलं तिथे एकेकाचं घर संपलं होतं.

त्या पावलं मोजत निघाल्या. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर. पेपरवेट सहा सेंटीमीटर रुंद. म्हणजे फेरी साडेसातशे मीटरची व्हायला हवी. अकराशे बावन्न पावलांनी त्या जिथून निघाल्या त्याच दिव्याच्या खांबापाशी आल्या. बरोबर.

मग त्या आत उतरल्या. मध्यभागी भट्टीच्या मातीचा खड्डा होता, त्यात पाणी साठलेलं, काठानं लव्हाळा माजलेला. चारी बाजूंच्या गटारांची तोंडं त्या खड्ड्याकडे होती. कुणी न लावलेली झाडं दोन-दोन मजली झाली होती. त्यांच्याखाली म्हातारी माणसं, एक सायकल शिकणारी बाई आणि तिला धरून पळणारा तिचा दमलेला नवरा. चेंडूमागे धावणारी वीस-पंचवीस पोरं. आडव्या-उभ्या पायवाटा, लोकांनी पायांनी काढलेल्या, कुठल्याच नकाशात नसलेल्या.

बाकावरच्या एका आजींना बाईंनी विचारलं, "या जागेला काय म्हणतात हो?"

"गोल. नुसतं गोल," आजी म्हणाल्या. "तुम्ही नव्या दिसता. माझी दोन्ही नातवंडं इथेच चालायला शिकली."

"अशी गोल कशी राहिली?"

"कुणास ठाऊक! कुणी शहाण्यानं ठेवली असेल. शहाणी माणसं काय, सांगून थोडीच ठेवतात?"

बाईंना तोंडात बोट घालावंसं वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी रंग भरले, पण तो रंग जाऊन पुढे छप्पर होतो, सावली होते, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आणि जिथे त्यांचा हात पोचलाच नव्हता तिथे हे एवढं उगवलं होतं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प राहा. गप्प राहिलीस तर मोठे साहेब द्रष्टे ठरतील आणि गोल राहील. बोललीस तर तू बावळट ठरशील आणि गोलही जाईल. हिशेब सोपा आहे."

"गोल का जाईल?"

"तूच सांगतेस ना नेहमी, चुकून रंग राहिला तर शेजारचा रंग लागू म्हणून?"

तसा नियम होताच. बाईंनी लेकीला फोन लावला. ती आधी खो खो हसली. "म्हणजे माझ्या गोवरामुळे शहराला मैदान मिळालं? आई, पाटी लावा माझ्या नावाची!" मग जरा थांबून म्हणाली, "पण आई, तुला गप्प बसता येणार आहे का?"

नाही आलं. चार दिवस नव्या साहेबांनी येईल त्याला मोठ्या साहेबांची दूरदृष्टी ऐकवली, आणि चारही दिवस बाईंना घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पेपरवेट नेऊन साहेबांच्या समोर त्या गोलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, ही मोठ्या साहेबांची दूरदृष्टी."

साहेबांनी पेपरवेट उचललं, परत त्याच जागी ठेवलं. "बाई, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला तिथे पिवळा दाखवावा लागेल. चूक म्हटली की शेजारचा रंग."

"दाखवा. खोटं लिहा असं मी कसं म्हणू? पण आराखडा जाहीर झाला की सूचना द्यायला तीस दिवस असतात ना? कुणालाही?"

"कुणालाही."

आराखडा भिंतीवर लागला. गोल पिवळा झाला होता. बाईंनी इतरांसारखा छापील अर्ज भरला, 'गोलाला हिरवा रंग द्यावा', आणि खाली तो कोरा आपल्याच चुकीनं राहिला हेही लिहिलं. सुनावणीच्या दिवशी त्याच इमारतीच्या जिन्यात रांगेत उभ्या राहिल्या. शिपाई म्हणाला, "बाई, तुम्हाला कसली रांग? या ना आत." त्या म्हणाल्या, "आज मी आतली नाही."

समितीच्या अध्यक्षीणबाई कडक होत्या. अर्ज वाचून त्यांनी मान वर केली. "चूक तुमची आणि ती कायम ठेवा म्हणूनही तुम्हीच सांगता? हात दाखवून अवलक्षण म्हणतात याला. शहरात घरं कमी पडतायत, माहीत आहे ना?"

आयुष्यात ट्रेसरबाई चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या. "चूक माझीच, बाई. पण मी फक्त रंग द्यायचा विसरले. झाडं मी लावली नाहीत, वाटा मी पाडल्या नाहीत. चार गल्ल्यांचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं, ते मी वळवलं नाही. पिवळा दिला तर ते पाणी कुठे जाईल, ते मला कुठल्याच रंगात दाखवता येत नाही." आणि मग काही सुचेना म्हणून म्हणाल्या, "तुम्ही एकदा फेरी मारून या. अकराशे बावन्न पावलं आहेत."

अध्यक्षीणबाईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी समिती खरंच गेली. नवे साहेब सांगत होते, की अध्यक्षीणबाई सगळ्यांच्या पुढे, एकट्या, ओठ हलवत चालत होत्या. फेरी संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझी हजार एकोणनव्वद भरली," आणि उतरून आत गेल्या ते अर्धा तास आल्याच नाहीत.

निर्णय हिरव्याचा झाला. नवा आराखडा मंजूर होईपर्यंत खरा नकाशा जुनाच, म्हणून त्यातली दुरुस्ती हातानं करायची होती. बाईंच्या नोकरीचे सहा दिवस उरले होते.

त्यांनी वाटीत हिरवा कालवला, दोनदा पाणी घालून पातळ केला. खोलीत सगळे जमले होते. नवऱ्यानं दुकान बंद करून येऊन दारात जागा धरली होती. वरचा पंखा सुरू होता आणि कागद हलायला लागला, तसं नव्या साहेबांनी न सांगता पेपरवेट उचलून कागदावर ठेवायला हात पुढे केला.

"अहो!" बाई ओरडल्या. जन्मात पहिल्यांदा त्या साहेबावर ओरडल्या. "ते हातातच धरा. आणि पंखा बंद करा."

साहेबांनी पेपरवेट छातीशी धरलं. शिपायानं पंखा बंद केला. बाईंनी ब्रश बुडवला, गोलाच्या वरच्या कडेला टेकवला, आणि ओली कडा हळूहळू खाली ओढायला लागल्या.