हवा कुठून शिरते?

खोकला! माणसाचा नव्हे, माझ्या मोटरसायकलचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठलाच अंगणातली फरशी पायाला चटका देऊ लागते. त्या तापलेल्या फरशीवर मधल्या स्टँडवर उभी केलेली ती माझी जुनी, विश्वासू गाडी ठसकत होती. मूठ पिळली की एक दीर्घ उसासा, पाठोपाठ फटाका फुटावा तसा एक आवाज, आणि मग एकदम सामसूम. माझ्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता, सदऱ्यातून घाम निथळत होता आणि मस्तकात संताप चढत होता.

तसा मी मराठीचा निवृत्त मास्तर. पण इंजिनाचा ध्वनी ऐकून निदान करण्याचा माझा लौकिक आमच्या मोहल्ल्यात मोठा. कुणीही येतो, फाटकाशी गाडी रेटतो आणि म्हणतो, 'सर, जरा आइका बरं, काय म्हनून राहिली थे.' मीही डोळे मिटून ऐकतो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला भारी सुख होतं! गाडी बंद पडली की लोक आधी टाकी उघडून पाहतात. तिला श्वासही लागतो, हे कुणाच्या ध्यानी असतं? त्या दिवशी मी चोक ओढला तर ती गुणी लेकरासारखी चालली, सोडला की पुन्हा ठसका. म्हणजे इंधनाची वाण नव्हती, हवेचा अतिरेक होता. कुठल्यातरी सांध्यातून नको ती हवा आत शिरत होती. आमच्याकडचे मिस्त्री याला फार नेमकं म्हणतात, 'गाडी हवा घेऊन राहिली.'

आता थोडं घरचं सांगतो. यंदा अधिक मास आला, आमच्या बोलीत धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाचा मान देवाच्या बरोबरीचा! लेक-जावयाला बोलवायचं, त्यांना लक्ष्मी-नारायण मानून त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. माझी वैशाली आणि जावई गजाननराव दोन दिवस आधीच पातूरहून आले होते. गजाननरावांचं तिथे कापडाचं दुकान. माणूस मितभाषी, मऊ. आदल्या संध्याकाळी ते माझी गाडी घेऊन आंबे आणायला गेले होते. वाटेत ती बंद पडली, तेव्हा त्यांनी बाजूचं कव्हर उघडून आत पाहिलं होतं, हे त्यांनीच येऊन मला सांगितलं होतं.

तेच कव्हर मी आता उघडलं. फिल्टरच्या डब्यातून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप निसटून लोंबत होता आणि त्याला आवळून धरणारी क्लिप जागेवर नव्हतीच. झालं! मला गुन्हाही सापडला आणि गुन्हेगारही. 'ज्याले कळत नाही त्यानं कव्हर उघडावंच काहून?' मी गरजलो. शेजारचे रहीमभाई फाटकाशी उभे होते, आमची ही स्वयंपाकघराच्या दारात, वैशाली तिच्यामागे. 'आता कुठं पाडली थे क्लिप, सांगा!'

गजाननरावांनी पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'असन मामाजी, माह्याच हातून पडली असन. आणतो नवी.' त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि त्या उन्हात पायी बाजाराची वाट धरली. वैशाली पुढे आली. 'बाबा, तुमी पाह्यलं का त्यायले क्लिप काढताना?' मी लोंबता पाइप पुसत राहिलो. ती आत गेली, आणि मग दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तासाभराने ते घामाघूम परतले. मी नवी क्लिप आवळली, किक मारली, आणि गाडी अशी संथ, सुरेल चालू लागली की रहीमभाई 'वा सर!' म्हणाले. मी ती वाहवा घेतलीसुद्धा. काय म्हणावं या निर्लज्जपणाला?

दुपारी कूलरमध्ये पाणी भरायला गेलो. मागची गवताची ताटी काढली, आतल्या मोटरीच्या पाइपाकडे हात नेला, आणि हात तिथेच थबकला. पाइपाच्या तोंडावर माझ्या गाडीची क्लिप होती. कुणी बसवली? मीच! लेक-जावई यायच्या दिवशी कूलरचा पाइप सारखा निसटत होता, दुकानं बंद, आणि जावयाला उकाड्यात कसं झोपवायचं या घाईत मी गाडीची क्लिप काढून इथे आवळली होती. गाडीचं रबर क्लिपेशिवायही घट्ट बसतं, तात्पुरतं चालून जाईल, उद्या दुसरी आणू. तो उद्या मी साफ विसरलो. उन्हाने रबर मऊ पडलं आणि पाइप निसटला, इतकी साधी गोष्ट.

मी तसाच खाली बसलो. लाज वाटली हो, नुसती लाज. सांधा सांधा चाचपणाऱ्या मला स्वतःच्या डोक्यात गेलेली हवा कशी कळली नाही? संशय तरी आणखी काय असतो! खात्रीच्या जरा ढिल्या जागेतून तो आत येतो, आणि आतल्या आत सगळं मिश्रण बिघडवतो. संध्याकाळी बोलायला म्हणून मी दोनदा गजाननरावांच्या खोलीपाशी गेलो. एकदा चहाचं विचारून परतलो, एकदा पावसाचं. आपण सासरे, वयाने मोठे, आणि चूक तर आता दुरुस्तही झाली. मन किती सबबी पुरवतं! रात्री जेवताना वैशालीने पान अर्धं टाकून दिलं. ही मला हळूच म्हणाली, 'आता याच्यापुढं पोरगी माहेरी येईन का, सांगा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय धुवायची परात मांडली. पाटावर दोघं बसली, वैशालीची नजर खाली. मी गजाननरावांचा एक पाय हातात घेतला. टाचेवर उन्हातल्या पायपिटीचा ताजा फोड होता. पाणी घालता घालता सगळ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, 'जवाईबापू, क्लिप मीच काढली होती. कूलरले लावली, अन् विसरलो. तुमाले नाहक बोललो.'

'मालूम हाय, मामाजी,' ते म्हणाले. 'दुकानदारानं हातात देली तवाच समजलं. अशीच कूलरले पाह्यली होती, पाणी भरताना.'

'मंग बोलले काहून नाही?'

ते संकोचले. 'मले थंड झोप यावी म्हणूनच काढली होती ना तुमी.'

वैशालीने मान वर केली. मला पुढचं काही दिसेना. खांद्यावरचा टॉवेल ओढून मी चेहऱ्यावर घेतला.

'आहो, तो पायाचा टॉवेल होय!' ही ओरडली.

'असू दे,' म्हणालो मी, आणि त्यांचा दुसरा पाय परातीत घेतला.