शेवटचा गठ्ठा आधी
१९८८ साली आमच्या सातपूरच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं, तेव्हा रेकॉर्डरूमच्या मालनबाई पगारेंना कुणी काही विचारलं नाही. पहिला नंबर नव्या फाइलला द्यायचा, म्हणून मशीनमधल्या तीनशे फायलींचे नंबर एकेकाने वाढवायचे होते. मी ऐटीत स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली: एकचं नाव दोन, मग दोनचं तीन. प्रत्येक फाइल पुढचीला पुसत गेली आणि शेवटी एकच उरली.

"कपाटात गठ्ठे पुढे सरकवताना शेवटचा आधी उचलतात, साहेब. वीस वर्षं हेच करतेय मी," बाई म्हणाल्या.

राखीव प्रतींच्या टेपवरून फायली परत आणल्या आणि शेवटाकडून स्क्रिप्ट चालवली. एकही हरवली नाही. त्या स्क्रिप्टला मी नाव दिलं, 'मालन'.

बाई पडद्याकडे बघत हसल्या. "आता एवढं नाव मात्र बदलू नका."