कपाटाआडचं जहाज

लग्न होऊन मी आखाडा बाळापूरला आले तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टी जागच्या हलत नव्हत्या. एक बैठकीतलं लोखंडी कपाट आणि दुसरे माझे सासरे.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामांची सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणाची दारं उघडण्या-झाकण्यात गेली होती आणि आता ते रिटायर होऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले होते. माणूस मुळातच कमी बोलायचा, सुनेशी तर बोलायचाच नाही. तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही. मी कप घेऊन चार हात लांब उभी असायची आणि मामा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगायचे, "अगं, तिला म्हणावं चहात साखर कमी टाक." आत्याबाई लगेच माझ्याकडं वळून, "चहात साखर कमी टाक म्हणून राहिलेत." जसं काही मी बहिरी! पहिल्या वर्षी मला हसू यायचं, दुसऱ्या वर्षी राग यायला लागला.

तेव्हाच गावात केबल आली आणि केबलवर रविवारी दुपारी ते जहाज आलं. आकाशातलं, चांदण्यांतून फिरणारं. परदेशातली फार जुनी मालिका, तिचे मागून निघालेले पिच्चर, सगळं हिंदीत करून दाखवायचे. नाव लांबलचक होतं, आमच्या घरात तिला नुसतं जहाज म्हणायचे. मामा पार येडे झाले त्याच्यासाठी. रविवारी एक वाजता लाइट गेली तर लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. कप्तानाचं त्यांना फार काही नव्हतं. त्यांचा जीव होता तो जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या टकल्या मिस्तरीवर, खांद्यावर फडकं टाकून फिरायचा त्याच्यावर. मामा म्हणायचे, "हुकूम कुणी बी सोडतो. दार उघडणारा खाली असतो."

मला पण बघायचं होतं. वय काय होतं हो माझं, वीस! बैठकीत जाऊन बसायची तर सोय नाही. मग मी स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूला पाट टाकून लसूण सोलत बसायची. पण टीव्ही आणि मी यांच्या मधात ते कपाट. त्याच्या कडेनं मला टीव्हीचा उजवा अर्धा भाग दिसायचा, डावा अर्धा भाग कपाटाच्या पोटात. कप्तानाची खुर्ची बहुतेक डावीकडं, मिस्तरीचं लाल चाक उजवीकडं. त्यामुळं मिस्तरी माझ्या रोजच्या ओळखीचा आणि कप्तान नुसता आवाज. चालत उजवीकडं आला तर दर्शन द्यायचा, नाहीतर नाही.

एका रविवारी डावीकडं काहीतरी फुटलं. मोठ्यानं आवाज झाला, आरडाओरडा झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, काय झालं?"

मी लसणाची वाटी उचलून पळायच्या बेतात. तेवढ्यात मामा टीव्हीकडंच बघत म्हणाले, "कप्तानाच्या खुर्चीला आग लागली."

आत्याबाई भिंतीकडं तोंड करून डाळ निवडत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "मला काहून सांगून राहिलात? मी कुठं इचारलं?"

"इचारलं न्हाई तर ऐकू नको," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून मामा दर रविवारी हवेत बोलायला लागले. माझं नाव नाही, माझ्याकडं बघणं नाही, पण डावीकडचं सगळं मला पोचायचं. "कप्तान उठला." "हिरव्या अंगाचे लोक आले, तिघं जण." "म्हातारा रडून राहिला." मीही आतून कधी फोडणीचा चमचा वाजवायची, म्हणजे कळलं. आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. म्हातारपणी नवऱ्याला हे काय लागलं म्हणून त्यांनी एकदा दृष्टसुद्धा काढली.

आणि त्या जहाजाची यंत्रं फार बिघडायची. म्हणजे व्हायचं असं, की डावीकडचं बोलणं एकदम बंद व्हायचं, मंद वाजंत्री सुरू व्हायची. मी कान टवकारून बसायची. मामा घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "यंत्राची दुरुस्ती चालू हाय."

पहिल्या दोन वेळा मी खरं मानलं, शपथेवर सांगते. तिसऱ्या वेळी माझा मिस्तरी उजवीकडं निवांत जेवत बसलेला मला दिसत होता आणि तिकडं दुरुस्ती चालू! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कप्तान पोरीला जवळ घेऊन काय करतो ते सासऱ्यानं सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पदर तोंडात कोंबला आणि मोरीत जाऊन पोट धरून हसले. आत्याबाईंना मात्र शेवटपर्यंत खरंच वाटायचं. त्या म्हणायच्या, "चार दिस नीट चालंना, कसलं मेलं जहाज घेतलंय."

मी एकदा नवऱ्याला म्हटलं, कपाट वीतभर सरकवा ना. त्यांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "कपाट हाय तिथं बराबर हाय." मला तेव्हा लई राग आला होता.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. मग एका सकाळी मामा अंघोळीहून येताना दाराच्या चौकटीला धडकले. नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, वाचले हे नशीब; पण आता उजवीकडचं दिसणार नाही. डोळे चांगले आहेत, बघणारा मेंदू अर्धा बंद पडलाय. ज्याच्याकडं बघावं त्याच्या उजवीकडचं सगळं गायब. मान वळवून बघायची सवय करा म्हणाले. मामा कसली मान वळवतात! ताटात डावीकडची भाकरी संपवायचे आणि ओरडायचे, "आज भाजी केली न्हाई का?" आत्याबाई ताट अर्धं फिरवायच्या.

त्यांनी टीव्ही बघायचं सोडलं. खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली. नवऱ्यानं खूप समजावलं तर मामा म्हणाले, "अर्धं जहाज बघून काय करू?" मी आत पोळ्या लाटत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मामा, मी तर सगळं जहाज अर्धंच बघितलं, माझं काय अडलं? पण सांगणार कसं. बारा वर्षं झाली होती लग्नाला आणि मी त्यांच्याशी तोंडावर सलग दोन वाक्यं बोलले नव्हते.

त्याच सुमाराला पेपरात आलं, की त्या जहाजाचा नवा पिच्चर निघालाय. पहिल्यापासून नव्यानं, नवे नट, कप्तान पोरगेला. नांदेडला हिंदीत लागलाय. नवऱ्यानं वाचून दाखवलं तर मामा असे भडकले, की महिन्याभरात एवढा आवाज निघाला नव्हता.

"जुना माणूस मेला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा अन् नाव तेच ठेवायचं? माझ्या जागेवर बी पोरगं आलं धरणावर. मी दार उघडायच्या आधी लोखंडावर हात ठेवून बघायचो, पाणी किती जोर करून राहिलं ते हाताला कळायचं. ते पोरगं नुसता कागद बघतं. धरण तेच, पाणी तेच. पण ते माझं धरण न्हाई."

एवढं बोलून पेपर स्वतःकडं ओढला आणि म्हणाले, "कधीपर्यंत हाय तो पिच्चर?"

मला कळलं. जायचं होतं त्यांना, जीव तुटत होता. पण चारचौघांत अर्धवट बघून फजिती व्हायची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही, की नवं खोटं निघालं तर त्यांच्याजवळ उरलेलं एकुलतं एक सुख पण नासेल. मला बाकी काही नको होतं. त्या माणसाला त्याचं जहाज परत मिळावं आणि खुर्ची भिंतीकडून फिरावी, एवढंच. मी नवऱ्याला सांगितलं, तिकिटं तीन काढा, मी येणार. आत्याबाईंनी डोळे मोठे केले. "सासऱ्याच्या शेजारी बसून पिच्चर?" मी म्हटलं, "त्यांच्या उजव्या हाताला बसते आत्याबाई. मी त्यांना दिसतच न्हाई."

खरंच दिसत नव्हते. तरी पदर घेतला.

पिच्चर सुरू झाला. एवढं मोठं जहाज, आणि अख्खं! डावीकडं कप्तानाची खुर्ची, मी जन्मात पहिल्यांदा सरळ बघत होते. पण माझं लक्ष मामांकडं. उजवीकडनं कुणी बोललं की ते दचकायचे, चेहरा शोधायचे, तोवर पडद्यावर दुसरंच काही यायचं. दहा मिनिटांत ते म्हणाले, "चला घरी."

माझा नवरा उठायलाच लागला. तेव्हा मी समोर बघत, कुणालाच नाही असं बोलले, "उजवीकडनं मिस्तरी आला."

मामा थांबले.

"टक्कल न्हाई, केस हायत. तरणा हाय. पण खांद्यावर फडकं हाय."

मग मामाही समोर बघत, हवेत म्हणाले, "कोणत्या खांद्यावर?"

"डाव्या."

"बराबर," मामा म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

मग काय, मी सुटलेच. चाक लाल नाही, निळं केलंय मेल्यांनी. भिंतीवर दिवे जास्त झालेत. पण मिस्तरी चाक फिरवायच्या आधी तळहात टेकवून बघतो, मामा, अगदी तसाच. उजवी बाजू माझीच होती की! तिच्यातला खिळा न् खिळा मला पाठ होता. डावीकडचं खरं-खोटं मामांनी बघावं, उजवीकडचं मी. मध्येच ते कुरकुरायचे, "कप्तान लई उड्या मारतो," आणि मला ते मानावंच लागायचं, कारण जुन्या कप्तानाला मी बसलेलं कधी बघितलंच नव्हतं.

आणि अर्ध्या पिच्चरनंतर वाजंत्री मंद झाली. कप्तान उजवीकडं सरकला. तिकडं एक पोरगी उभी. पुढं काय होणार ते थेटरातल्या लेकरालाही कळलं असतं. मामांना दिसणाऱ्या डाव्या अर्ध्यात नुसती जहाजाची रिकामी भिंत.

"काय चालू हाय?" मामा म्हणाले. या वेळी हवेत नाही. मान पुरती उजवीकडं वळवून, माझ्याकडं बघून. बारा वर्षांत पहिल्यांदा.

माझे कान तापले. नवरा छताकडं बघायला लागला. मी घसा खाकरला.

"यंत्राची दुरुस्ती चालू हाय, मामा."

ते एकटक माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतात की काय. हसत होते. आवाज न करता, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत, पोटभर. तिकडं पडद्यावर बिचारी दुरुस्ती उरकलीसुद्धा, कुणी बघितली नाही.

"मंग जहाज आपलंच हाय," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी मी सवयीनं पाट टाकून लसूण घेऊन बसले. बैठकीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भिंतीकडून टीव्हीकडं. मग दुसऱ्या खुर्चीचा आला. आत्याबाई म्हणाल्या, "ही कुणाला?"

मामांनी त्यांना मधात घेतलं नाही. सरळ मला हाक मारली.

"बाई, ये. उजवीकडं बस."